निर्मळ असतानाची नोंद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतीला शोभेल असे एकच काम वक्त्याला करता येते, ते म्हणजे एखादा प्रश्न सोडवता आला नाही तरी निदान नीट मांडणे. मी आयुष्यभर मातीचे रसायन शिकवले. त्यामुळे प्रश्नही मातीचाच घेतला आहे. उद्योगांच्या शेजारच्या मातीत, पाण्यात आणि पिकांत उतरणारे जड धातू, हा आजचा विषय.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. धाराशिव जिल्ह्याची माती विषारी झाली आहे, अशी हाकाटी पिटायला मी आलेलो नाही. उलट, इथली बरीचशी माती अजून चांगली असताना करायचे एक काम आहे आणि ते आपण करत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

धातू या जिल्ह्याला नवे नाहीत. तेरला जाऊन रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय पाहा. तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनांनी दख्खनमध्ये शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे नाव येते, तिथून भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख येतो आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसेही येते. म्हणजे आपले कापड बाहेर जात होते आणि बाहेरचे धातू इकडे येत होते. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूरही शिशाचेच ऑक्साइड. दोन हजार वर्षांत धातू तेच राहिले. बदलले ते त्यांचे प्रमाण, त्यांचे रूप आणि ते जाऊन पडण्याची जागा.

जड धातू सगळेच वाईट नसतात. जस्त, तांबे, मँगनीज पिकाला हवेच असतात. आपल्याकडचा शेतकरी दुकानातून झिंक सल्फेट आणून टाकतो, तोही जड धातूचाच क्षार. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा मात्र आपल्या शरीराला काडीचा उपयोग नाही. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, पण वागणुकीमुळे ते याच पंगतीत बसते. या सगळ्यांचा एक गुण समान आहे. युरियातले नत्र उडून जाते, कीटकनाशक आज ना उद्या विघटित होते, मळीच्या पाण्यातला सेंद्रिय भार जिवाणू खाऊन टाकतात. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, उकळून जात नाही. फक्त जागा बदलते.

किती धातूने किती बिघडते, याचा एक हिशेब मांडू. एक एकर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती धरली तर तिचे वजन साधारण साडेआठशे टन भरते. या मातीत शिशाचे प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमने वाढवायला शिसे लागते अवघे ८५० ग्रॅम. आता ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घ्या. वजन २५ किलो धरले तर त्यात सुमारे १५ किलो शिसे निघते, कारण अशा बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून अधिक वाटा शिशाचाच असतो. एका बॅटरीतले शिसे एका एकरात पसरले, तर किलोमागे १७-१८ मिलिग्रॅमची भर पडते. आपल्या बेसाल्ट खडकात शिसे मुळातच फार थोडे. त्यामुळे निसर्गाने ठेवलेल्या साठ्याच्या तोडीस तोड भर एकट्या बॅटरीने पडू शकते. रस्त्याकडेच्या दुकानात बॅटरी उघडतात, काळपट प्लेटा काढून पोत्यात भरतात आणि आम्लाचे पाणी गटारीत नाही तर दुकानामागच्या मातीवर ओततात. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या पाण्यात विरघळलेले आणि गाळाच्या रूपातले शिसे असते. जुन्या बॅटऱ्या कोणी, कशा परत घ्यायच्या याचे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने आले. पण ओतणाऱ्याच्या हातापर्यंत ते पोचलेले दिसत नाहीत. उद्योग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिमणी येते. शिशाला चिमणीच लागते असे नाही.

आता आपल्या घरातला एक कागद पाहू. मृद आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेवर बारा रकाने आहेत. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. योजना चांगलीच आहे. पण रकाने पुन्हा एकदा मोजा. त्यांत शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही, क्रोमियम नाही. पिकाला काय कमी पडते हे ही पत्रिका विचारते. मातीत काय जास्त झाले, हे ती विचारत नाही. खताच्या शिफारशीसाठी तेवढे पुरते. पण कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वावरालाही तीच पत्रिका मिळते आणि ती हातात पडली की शेतकऱ्याला वाटते, आपली माती तपासून झाली.

आपली काळी माती या बाबतीत विलक्षण आहे. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, सामू आठच्या आसपास असतो आणि पोटात चुनखडी असते. शिसे, कॅडमियम, जस्त हे धन भाराचे. ही माती त्यांना घट्ट धरून ठेवते. मराठवाड्यात जस्ताची कमतरता इतकी का दिसते? पुष्कळदा जस्त मातीत असते, पण पिकाला सुटत नाही. जस्ताला अडवणारी तीच पकड कॅडमियमलाही अडवते, म्हणून काही अंशी ही माती आपले रक्षण करते. पण या रक्षणाला दोन छिद्रे आहेत.

पहिले छिद्र रसायनाचे. सहा-संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक पाण्यात ऋण भाराच्या रूपात वावरतात. शिसे जिथे अडते तिथून हे दोघे सहज निसटतात आणि विम्लधर्मी जमिनीत तर त्यांना जास्तच मोकळीक मिळते. दुसरे छिद्र तुम्ही दर उन्हाळ्यात पाहता. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, काहींत कोपरापर्यंत हात जातो. मृगाचा पहिला पाऊस पृष्ठभागावरचे सगळे घेऊन या भेगांतून थेट खाली उतरतो. मातीने गाळायच्या आत पाणी मुरमाला आणि खडकाच्या सांधींना भिडलेले असते. त्याच सांधींतून आपल्या विहिरी आणि बोअर पाणी ओढतात. पावसाळ्याच्या तोंडावर उघड्यावर ठेवलेला कारखान्याचा गाळ म्हणूनच इतर मुलखापेक्षा इथे जास्त धोक्याचा.

यात आणखी एक मेख आहे. आपला बेसाल्ट शिशात गरीब असला तरी तांबे, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम यांच्या बाबतीत श्रीमंत आहे. त्याच्यापासून झालेल्या मातीत हे धातू जन्मतःच भरपूर असतात. उद्या एखाद्या गावाने माती तपासली आणि एकूण क्रोमियम जास्त निघाले, तर कारखान्याचा वकील शांतपणे सांगेल, हे तुमच्या खडकातलेच आहे. त्याचे म्हणणे खरेही असू शकेल. ते खोडून काढायला, किंवा प्रामाणिकपणे मान्य करायला, एकच पुरावा चालतो. कारखाना येण्याआधी त्याच रानात किती होते, ही नोंद. निर्मळ असतानाची ही नोंद नसेल तर बिघडल्याचे सिद्ध करता येत नाही, आजचे माझे सगळे म्हणणे यात आले.

ही नुसती वकिली कल्पना नाही, हे पाहायला आपल्याच नदीच्या काठाने खाली जाऊ. मांजरा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, कळंब तालुक्याच्या कडेने वाहते, धनेगावच्या धरणात थांबते, लातूर जिल्ह्यात आपल्या तेरणेला पोटात घेते, बीदर ओलांडून तेलंगणात शिरते आणि तिथे तिला मंजिरा म्हणतात. हैदराबादच्या जवळ तिला नक्कावागू नावाचा ओढा मिळतो. हा ओढा येतो पाटणचेरूहून.

पाटणचेरू एकेकाळी आपल्यासारखेच होते, कोरडवाहू आणि मागास. तेव्हा मेदक जिल्ह्यात असलेल्या या भागात १९७० च्या दशकात औद्योगिक वसाहत आली. १९८० मध्ये इंदिरा गांधी मेदकमधून लोकसभेवर निवडून आल्या. रसायनांचे, औषधांचे, धातूंचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. त्यांचे सांडपाणी ओढ्यांत आणि तळ्यांत उतरले. विहिरींचे पाणी बदलले, पिके गेली, जनावरे दगावली. डॉ. किशन राव या स्थानिक डॉक्टरांनी रुग्ण तपासता तपासता हा प्रश्न हाती घेतला. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून उच्च न्यायालयात, मग हरित न्यायाधिकरणाकडे. एका पिढीचे आयुष्य त्यात गेले. दरम्यान हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या मातीचे नमुने तपासले, त्यांत आर्सेनिक आणि क्रोमियमसारखे घटक वाढलेले आढळले.

मधल्या काळात तिथे सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही झाले. केंद्र झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटते. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. हे काही धातूचे उदाहरण नव्हे, पण धडा तोच आहे. असे केंद्र जिवाणूंच्या जोरावर सेंद्रिय घाण खाते. जे जिवाणूंना खाता येत नाही ते पुढे जाते, नाही तर तळाच्या गाळात बसते. धातू बहुतांशी गाळात बसतात. पाणी स्वच्छ दिसू लागते आणि धातू गाळाच्या ट्रॉलीत चढतात. तो गाळ ‘खत’ म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला, तर घेण्याआधी त्याची तपासणी मागा.

याच पाटणचेरूत १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेल्या ‘मारुती’ आणि ‘आशा’ या तुरीच्या वाणांशी तिचे नाव जोडलेले आहे. कोरडवाहू शेती कशी जगवावी याचा जगाने अभ्यास केला त्याच गावात कोरडवाहू शेती ओढ्याच्या पाण्याने गेली. ज्ञान शेजारी असून भागत नाही, ते त्या ओढ्याच्या काठावर उतरावे लागते.

आता पिकांकडे वळू. धातू सगळ्या पिकांत सारखा चढत नाही. पालक, मेथी, शेपू या पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात. दाण्यात तुलनेने कमी जाते, मुळात आणि धांड्यात जास्त राहते. ज्वारीच्या बाबतीत यातून एक चकवा तयार होतो. भाकरीपुरता दाणा तपासून आपण निर्धास्त होऊ, पण कडबा जनावरांच्या पोटात जाईल. सोयाबीन हे आज आपले खरिपाचे मुख्य पीक. कॅडमियम उचलण्यात सोयाबीन बऱ्यापैकी तरबेज असल्याचे जपानच्या अनुभवाने दाखवले आहे. आपली उस्मानाबादी शेळी बांधावर, रस्त्याच्या कडेला, वसाहतीच्या कुंपणापाशी, मिळेल तिथे चरते आणि पाल्याबरोबर थोडी मातीही खाते. जनावराच्या शरीरात शिसे हाडांत साठते, कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतात. भूम-वाशीकडचा, कुंथलगिरीचा खवा आपली शान आहे. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध आटते. आटवल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. दुधात जे असेल ते खव्यात पाचपट होऊन बसते. खव्यात धातू आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तो नाही, हे उद्या मुंबईच्या बाजारात छातीठोकपणे सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

हे किती लांबू शकते याचे उदाहरण जपानमधल्या तोयामा प्रांतात आहे. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले. वर्षानुवर्षे तो भात खाल्लेल्यांची, विशेषतः वय झालेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. डॉ. नोबोरू हागिनो यांनी कारण शोधले आणि १९६८ मध्ये सरकारने हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. १९७२ मध्ये पीडितांनी अपिलातही खटला जिंकला. मग सुरू झाले मातीचे काम. दूषित थर काढणे, पुरणे, वर चांगली माती घालणे. सुमारे ८६० हेक्टर शेती दुरुस्त व्हायला २०१२ साल उजाडले, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ गेला. तेही जपानसारख्या श्रीमंत आणि शिस्तीच्या देशात. असा धोका आपल्यापासूनही दूर नाही. आपल्या महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि ओढ्यांत घुसला. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. राख दिसते, ती खरवडून काढता येते. तिच्यातून झिरपलेले दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, हा माणूस कारखान्यांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. दुष्काळ आपल्या पाचवीला पुजलेला. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१८ मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे ‘आकांक्षित’, जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात आपला जिल्हा होता. आमची मुले पुण्याला, सोलापूरला कामाला जातात. तामलवाडी असो, उमरगा असो की कौडगाव, तिथे उद्योग आले तर ते हवेच आहेत. पण पाटणचेरूलाही ते याच कारणासाठी हवे होते. मागासपणामुळे सवलती मिळतात आणि मागासपणामुळेच कोणी प्रश्न विचारत नाही. त्यात साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्याला निदान वास असतो, रंग असतो, म्हणून आपण लगेच ओरडतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही शिशाची आणि ०.००३ मिलिग्रॅम ही कॅडमियमची भारतीय मानकाची मर्यादा आहे. ती दसपट ओलांडली तरी पाणी नितळ दिसते आणि गोड लागते.

मग करायचे काय? तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी सवय इथे मोडावी लागेल.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचे शेतीसंशोधन केंद्र आहे. १८४३ पासून तिथे प्रयोग चालू आहेत आणि मातीचे नमुने वाळवून, बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून ठेवण्याची परंपरा आहे. नमुने घेणाऱ्यांच्या मनात कॅडमियम नव्हते. ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजायची सोयही तेव्हा नव्हती. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या जुन्या बाटल्या उघडल्या आणि १८५० च्या दशकाच्या तुलनेत मातीतले कॅडमियम २७ ते ५५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. साक्ष देणारी माती जपून ठेवलेली होती, म्हणून हे शक्य झाले.

हे आपल्याला परवडते. धातूंची तपासणी महाग आहे, बाटलीभर माती ठेवणे जवळपास फुकट आहे. औद्योगिक वसाहतीच्या आत, कुंपणाला लागून, एक किलोमीटरवर, पाच किलोमीटरवर आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला ठरावीक जागा निवडा. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीत-दीड वीत खोल. लोखंडी खुरपे आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नका, त्यांचाच धातू नमुन्यात उतरतो. लाकडी चमचा आणि प्लास्टिकचे घमेले घ्या. माती सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. प्लास्टिकच्या स्वच्छ बरणीत भरून गट क्रमांक, तारीख, खोली आणि पीक लिहा. उपग्रहावरून मिळणारे अक्षांश-रेखांश मोबाइल सांगतो, तेही लिहा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत या बरण्यांसाठी एक कपाट पुरेल. तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांना पद्धत शिकवायला बोलवा. पैसे मिळतील तेव्हा तपासा. एखाद्या दिवशी गरज पडलीच, तर त्या तारखेची माती हाताशी असेल.

दुसरे काम कागदाचे. मोठ्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो आणि त्यात परिसरातल्या माती-पाण्याची आधीची स्थिती नोंदलेली असते. बऱ्याचदा ती एकाच हंगामाची असते आणि थोड्याच गावांची. पण काहीच नसण्यापेक्षा ती मोलाची. जनसुनावणीला आपण नोकऱ्या मागायला जातो. नोकऱ्याही मागा आणि त्या अहवालाची प्रतही मागा. आपल्या गावचा नमुना कुठून घेतला, त्यात शिसे आणि क्रोमियम मोजले का, सहा-संयुजी क्रोमियम वेगळे मोजले का, हे विचारा. त्या प्रतीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहू द्या.

तिसरे काम नव्या कायद्याचे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने आणि स्थानिक संस्थांनी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायची, मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, दूषित ठरलेल्या जागेच्या सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, असा त्यांचा आराखडा आहे. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व ठामपणे मांडले होते. त्याला नियमांचे हातपाय फुटायला जवळपास तीस वर्षे लागली. आता सहामाही यादीत धाराशिवच्या नावापुढे काय लिहिले जाते, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारणे आपल्या हातात आहे. ‘निरंक’ लिहिले असेल तर ते तपासून लिहिले की न तपासता, एवढा एकच प्रश्न विचारा.

आणि शेवटी, आपण कोणाच्या तरी वर राहतो हे विसरू नका. पाटणचेरूचा ओढा आपल्यापर्यंत येत नाही, पण ढोकी आणि तेरवरून गेलेली तेरणा निलंग्याकडे आणि बीदरकडे जाते. तिथल्या माणसाने उद्या विचारले, तर त्याला उत्तर देण्याइतकी नोंद आपल्यापाशी असायला हवी.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत औद्योगिक वसाहतीलगतच्या प्रत्येक गावाने दोन ओळींचा ठराव करावा. गावच्या शिवारातल्या मातीचे आणि विहिरींच्या पाण्याचे नमुने यंदा घेऊन जतन करावेत आणि दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यावेत. याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. या सभागृहात त्या गावांतले सरपंच आणि शिक्षक बसले आहेत, त्यांनी पुढच्या आठवड्यात मला बोलवावे. नमुना कसा घ्यायचा हे मी येऊन दाखवीन.